मागं राहणारी शेळी
लेकीच्या पुस्तकात शेळीच्या डोळ्याचं चित्र होतं, उन्हात काळी बाहुली आडव्या फटीसारखी बारीक होते असं खाली लिहिलेलं, आणि मला नेकनूरच्या माळावरची आमची पांढरी शेळी आठवली. मी दहा-अकरा वर्षांची असेन, शेळ्या राखायचे. ही एकटी मागं राहायची, बाभळीला धडकायची, काठी उगारली तरी इतर शेळ्यांसारखी बिचकायची नाही. मला तो माज वाटायचा, म्हणून मी तिला लई मारायचे. एकदा लस टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी भर उन्हात तिचं तोंड वर धरलं. बाहुल्या गोल, मोठ्याच राहिल्या. त्यांनी डोळ्यापुढं बोट नाचवलं, पापणी हलली नाही. "कधीपासून दिसत न्हाई हिला?" त्यांनी विचारलं. वडील म्हणाले, "दिसतंय की, रोज चरायला जाती." "बाकीच्यांच्या आवाजावर जाती," डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मी काठी घरीच ठेवली आणि हाका मारत पुढं चालू लागले. ती बिनधोक माझ्या मागं यायची. मारणारी आणि हाक मारणारी एकच, हे तिला कळलं होतं का, ते मला आजही माहीत नाही.