अझनीवचे उपडे कप

बुर्ज हम्मूदमध्ये, आम्हा आर्मेनियन लोकांच्या वस्तीत, अझनीवकडे कुणी नुसती कॉफी प्यायला जात नसे. कॉफी संपवायची, कप बशीत उपडा घालायचा आणि तिच्या तोंडाकडे बघत बसायचं. कपात उरलेल्या गाळात भविष्य बघून ती प्रत्येकीला काहीतरी गोड दाखवायची: पत्र, पाहुणा, पाळणा. मी समोरच राहते. "थापाडी आहेस तू," मी म्हणायचे. ती हसायची. "मग रोज ऐकायला कशाला येतेस गं?"

घरच्यांचा कप मात्र तिनं कधी वाचला नव्हता.

एक्क्याऐंशी साली तिचा मुलगा नुबार एका गुप्त संघटनेत गेला. एकोणीसशे पंधरा सालच्या आर्मेनियनांच्या कत्तलीत अझनीवच्या माहेरची एकवीस माणसं मारली गेली, आणि तुर्कस्तान अजून म्हणतं, कत्तल झालीच नाही. नुबारची संघटना म्हणायची, बॉम्बशिवाय जगाला ऐकू येत नाही. त्याला युरोपात पाठवायचं ठरलं. न्यायला त्याचा जिवलग मित्र सेवाग येणार होता, अझनीवच्याच हातचं खाऊन वाढलेला.

त्या सकाळी मी तिच्याकडे वांगी कोरत बसले होते. नुबारची कॉफी संपताच अझनीवनं त्याचा कप उपडा केला. मग तो सरळ करून तिनं आत पाहिलं.

"जाऊ नकोस, बाळा. तुला न्यायला येतोय त्याला दोन तोंडं आहेत."

"सेवागला?" नुबार हसायला लागला. "आई, त्याला एकच तोंड आहे, आणि ते सदा तुझ्या भातात असतं!"

"हे बघ ना. दोन."

मी वाकून पाहिलं. नुसता गाळ होता. तिचा डाव मला कळला. पोरगा घरी राहत असेल तर राहू दे, असं मनाशी म्हणून मी गप्प बसले.

नुबारनं ही गंमत संघटनेत सांगितली. तिथे कुणी हसलं नाही. महिन्याभरात त्यांची दोन माणसं पकडली गेली होती आणि फितूर कोण याचा शोध चालू होता. सेवागला चौकशीला नेलं. नुबारचं जाणं रद्द झालं. अझनीवनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली.

आठव्या दिवशी नुबार घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. "मारला त्याला," एवढंच बोलला. सेवागच्या घरी कुणी कळवलं नाही. आम्हीही नाही.

तिसऱ्या आठवड्यात सेवागची आई अरुस आली. कॉफी एका घोटात संपवून तिनं कप उपडा घातला.

"माझं पोर कुठे आहे ते बघ गं. कसंही असू दे, पण खरं सांग."

अझनीवनं कप उचलला. आतल्या खोलीत नुबारची खाट करकरायची थांबली. अझनीवनं कप उजेडाकडे फिरवला.

"रस्ता दिसतोय," ती म्हणाली. "येईल."

अरुसनं तिचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "तुझ्या तोंडात साखर पडो गं!"

मी तेव्हाही गप्पच बसले.