स्टेटसला लागलेली शकुबाई

साखऱ्याच्या शकुबाईचा उभ्या जन्मात एकच फोटो होता, तो आधार कार्डावरचा. तोही कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ती कार्ड पिशवीत उलटं ठेवायची. रूपाचा तिला कधी गर्व नव्हता. गर्व होता तो येसराचा, आणि तो मात्र तिच्या घराच्या उंबऱ्यात मावत नव्हता.

येसर म्हणजे आमच्याकडच्या लग्नातल्या आमटीचा जीव. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजायचा, मग दळायचा, आणि ते पीठ फोडणीच्या पाण्यात पडलं की मांडवाच्या पार टोकाला बसलेला पाहुणासुद्धा सरसावून बसतो. शकुबाईनं हे आईकडून घेतलं होतं. तिची थोरली बहीण रुक्माबाई, पुसेगावला दिलेली, तिनंही आईकडूनच घेतलं होतं. भांडणाला एवढं कारण पुरलं.

झालं असं, की भावाच्या पोरीच्या लग्नात आमटी शकुबाईनं केली. भरल्या पंगतीत रुक्माबाईनं एक भुरका मारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मीठ कमी हाय. अन् आईची चव तर न्हाईच न्हाई." शकुबाई पळी घेऊन उभीच होती. "चव तुझ्या तोंडाला न्हाई, अक्का. मीठ मी एक कण घालायची न्हाई!" रुक्माबाई भरल्या ताटावरून उठली. आता आमच्याकडे माणूस एकवेळ शिवी विसरतो, पण भरल्या ताटावरून उठलेला माणूस विसरत नाही. तेव्हापासून दोघी बहिणी एकाच मांडवात आल्या तरी दोन टोकांना बसत आणि मधल्या बायकांच्या तोंडून एकमेकींची खबर घेत.

शकुबाईची सून प्रतिक्षा हिंगोलीची, बारावी शिकलेली, मोबाईलवर हात वाऱ्यासारखा. सासूचं येसर गल्लीतच फुकटात वाटलं जातंय हे तिला बघवेना. "आत्या, हे आपण ऑनलाईन विकू," असं म्हणून तिनं 'साखऱ्याचं येसर' नावाचं पान उघडलं. स्टीलच्या ताटात येसराचा ढीग, त्याचा वरून फोटो. चार जणांनी अंगठा दिला, त्यातले तीन तिच्या माहेरचे. चौथ्यानं विचारलं, "सरकीची ढेप आहे का?"

मग तिनं रील केली. गाणं लावलं, येसर हळूहळू वरून खाली ओतलं, वर चकाकणाऱ्या चांदण्या सोडल्या. गाणं लोकांना फार आवडलं. येसर कुणी मागितलं नाही. पुडीची किंमत टाकून पाहिली, मोठ्या अक्षरात टाकून पाहिली, दिवाळीच्या शुभेच्छांसोबत टाकून पाहिली. लोकांनी उलट शुभेच्छा दिल्या.

प्रतिक्षा पोर मात्र चिकट. दुसऱ्यांची पानं उघडून ती दुपारभर बघत बसली आणि शेवटी तिला गोम सापडली. "आत्या, पिठाला कुणी वळखत न्हाई. पीठ समदीकडं सारखंच. लोकाला माणूस दिसलं पाह्यजे. तुमचा फोटो लागंल."

"माझा? काहून? मी काय पाहुण्याला दाखवायची पोरगी हाय?"

"तुमचं तोंड दिसलं तर लोकाला वाटंल, घरचं हाय."

"न्हाई म्हणलं ना!"

विषय संपला. शकुबाई खोबरं किसत बसली. पण अर्धी वाटी किसून होईस्तोवर तिच्या डोक्यात काहीतरी शिरलं, कारण हात थांबला.

"प्रतिक्षे, त्यो फोटो पुसेगावात दिसंल का?"

"आत्या, जगात दिसंल."

"जगाचं मरू दे. पुसेगावात दिसंल का?"

"त्यांच्या नातवाच्या फोनात दिसंल की. भावकी-सोयऱ्यांच्या ग्रुपात हाय त्यो."

"मंग काढ," शकुबाई म्हणाली. विक्रीबिक्री तिच्या गावीही नव्हती. आईचं येसर जगात शकुच्या नावानं चाललंय हे अक्काला दिसलं पाहिजे, एवढाच तिचा हिशेब होता. मनातून आणखीही एक गोष्ट होती, अक्कानं एकदा तरी 'चव बराबर हाय' म्हणावं ही. पण ती तिनं स्वतःलाही कबूल केली नव्हती.

फोटोसाठी ती ठेवणीतलं लुगडं नेसली. डोक्यावरून पदर घेतला. समोरचे दोन दात नसल्यानं ओठ घट्ट मिटले. मोबाईलपुढं हात कुठं ठेवावेत ते कळेना, म्हणून जोडले. मागं नुकती चुना मारलेली पांढरी भिंत. प्रतिक्षाला फोटो जरा उघडा वाटला, म्हणून तिनं भोवती झेंडूच्या फुलांची चौकट घातली. खाली 'श्रीमती' नको म्हणून नुसतं 'शकुबाई रामकिशन, साखरा' लिहिलं आणि त्याखाली बारीक अक्षरात येसराची माहिती. सकाळी सकाळी स्टेटसला ठेवला, त्याच ग्रुपात टाकला, फोन चार्जिंगला लावला, आणि सासऱ्याची भाकरी घेऊन ती रानात गेली. मागं लाईट गेली ती जाताना फोनचा जीवही घेऊन गेली.

आता एक गोष्ट त्या पोरीच्या ध्यानात यायला हवी होती. आमच्याकडे म्हातारं माणूस जिवंतपणी स्टेटसला लागत नाही. पोरांचे वाढदिवस लागतात, पुढाऱ्यांचे लागतात, नव्या ट्रॅक्टरचे तर आठ दिवस लागतात. पण पदर घेतलेली म्हातारी फुलांच्या चौकटीत दिसली, की खालचं वाचायची कुणी तसदी घेत नाही.

भावकीत अमृतराव म्हणून शकुबाईचे एक चुलत दीर होते. श्रद्धांजलीत त्यांचा हात धरणारा सेनगाव तालुक्यात नव्हता. माणसाचा जीव जायच्या आत त्यांचे हात जोडलेले असायचे. फोटो पडला आणि अमृतरावांनी लिहिलं, "भावपूर्ण श्रद्धांजली. आमच्या शकुवहिनी गेल्या. येसर पोरकं झालं." अमृतराव लिहितात म्हणजे खरंच असणार. मागोमाग सगळ्यांनी हात जोडले. कुणी ईश्वर मृतात्म्यास शांती देवो म्हटलं, कुणी कालच तर बोलणं झालं होतं म्हटलं, ज्यांचं पाच वर्षांत बोलणं झालं नव्हतं त्यांनी तर जास्तच म्हटलं. प्रतिक्षाच्या पोस्टला एवढा प्रतिसाद पहिल्यांदाच मिळत होता आणि तो बघायला तीच नव्हती.

इकडे शकुबाई अंगणातल्या चुलीवर मोठी कढई ठेवून बाजरी भाजून खोबऱ्याला लागली होती. खोबरं भाजणं म्हणजे नाजूक काम, नजर हलवायची नाही. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली आणि बायकांनी हेल काढला.

रडण्याचा आवाज ऐकून चुलीपाशी बसून राहणं हे शकुबाईच्या रक्तात नव्हतं. कोण गेलं हे नंतर विचारायचं, आधी गळ्यात पडायचं, ही रीत. "कोण गेलं गं माय!" म्हणत तिनं उलथनं टाकलं, पदर तोंडाला लावला आणि स्वतःही हेल काढून धावत सुटली. जी बाई सगळ्यांत पुढं होती तिच्या गळ्यात पडली. ती बाई डोळे मिटून, छाती बडवून रडत होती. कुणाच्या गळ्यात पडलो हे बघण्याचं भान तिलाही नव्हतं.

"शकेऽ, माझे बाईऽ! आईच्या मागं आईची चव तुझ्याच हातात होती गंऽ!"

शकुबाईचा हेल घशातच राहिला. हा आवाज पुसेगावचा होता.

"मी मेली भरल्या ताटावरून उठले गं शकेऽ! मीठ बराबर होतं गं मायऽ, माझ्याच तोंडाला चव न्हवतीऽ!"

खरं तर शकुबाईला तिला तिथंच थांबवता आलं असतं. पण इतक्या वर्षांनी माणूस खरं बोलून राहिलं असताना त्याला मधेच तोडायचं कसं? तिनं आणखी दोन हेल निघू दिले. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या, त्यांनाही नीट ऐकू जाऊ दिलं. मग तिच्या हाताला अक्काचा खांदा लागला. नुसतं हाड. केवढी भरलेली बाई होती ती, आणि किती वाळली होती! आपण मांडवाच्या दुसऱ्या टोकाला बसून बसून हे पाहिलंच नाही, असं शकुबाईला वाटलं आणि मग ती खरोखरची रडायला लागली.

"अक्का, बस कर. मी हाय," ती म्हणाली.

"तू कुठली गं आताऽ..." म्हणता म्हणता रुक्माबाईनं नाक वर केलं. डोळे मिटलेलेच. "काय करपून राहिलं?"

"खोबरं!"

दोघी पळाल्या. कढई रुक्माबाईनं आधी गाठली, पदरानं धरून खाली उतरवली, परतून पाहिलं, आणि मग मान वर करून समोर पाहिलं. समोर शकुबाई उलथनं घेऊन उभी.

पुढं जे झालं ते रडण्यापेक्षा मोठ्या आवाजात झालं. "मेल्याचं सोंग आणून मला बलावलीस?" "मी कशाला बलावू? मी काय सांगावा धाडला व्हता?" "फोटो टाकलास ना फुलातला!" "त्यो धंद्याचा हाय!" प्रतिक्षासोबत रानातून परतलेल्या रामकिशनरावांचा दारातच चार माणसांनी हात धरला आणि धीर धरा म्हणाले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं. चाचरत एकानं सांगितलं. रामकिशनरावांनी आतला आवाज कान देऊन ऐकला. "मी सकाळी निघालो तवा ती बोलून राहिली व्हती," ते शांतपणे म्हणाले. "अजून बी बोलूनच राहिली की."

तेवढ्यात अमृतराव सेनगावहून हार घेऊन आले. वहिनी दिसल्यावर त्यांनी हार पाठीमागं लपवायचा प्रयत्न केला, पण झेंडूचा हार काही लपण्यातला नव्हता. रामकिशनरावांनी तो मुकाट्यानं घेतला आणि बैलाच्या गळ्यात घातला.

रडायला आलेल्या माणसांना उपाशी धाडायचं कसं? त्यात चूल पेटलेली होतीच. शकुबाईनं येसराची आमटी टाकली, बायका भाकरी थापायला बसल्या. जीपभर माणसं दोन दोन वाट्या आमटी प्याली आणि जाताना लाजेकाजेनं सगळ्यांनी येसर मागून नेलं. लाईट आल्यावर ग्रुपात अमृतरावांनी श्रद्धांजलीपेक्षाही लांब खुलासा टाकला, की वहिनी ठणठणीत असून आमटी अप्रतिम आहे. तो खुलासा लोकांनी हसत हसत इतका पुढं ढकलला, की पार परभणी-वाशिमच्या माणसांनी, मेलेली ती बाई येसर कसं देते म्हणून विचारलं. "धंद्याला एवढं कुणी मरू नये," रुक्माबाई म्हणाली.

पण प्रतिक्षाला खरी वाट वेगळीकडंच सापडली. त्या दुपारी कढईपाशी बसून दोघी बहिणी खोबरं लाल झालं का काळं झालं यावर भांडत होत्या, ते तिनं लाईट येऊन फोन चालू होताच गुपचूप मोबाईलात घेतलं. गाणं नाही, चांदण्या नाहीत. नुसत्या दोन म्हाताऱ्या आणि एक कढई. ते लोकांना जे आवडलं म्हणता! आता दर बाजाराच्या दिवशी रुक्माबाई पुसेगावहून जीपनं येते, प्रतिक्षा मोबाईल टेकवून ठेवते, आणि दोघी भाजतात कमी आणि भांडतात जास्त. लोक लिहून विचारतात, आज मोठ्या बाई आल्या न्हाईत का? येसर मागणारे इतके झाले, की प्रतिक्षानं गल्लीतल्या दोघी बायका दळणाला लावल्या. किती जणांनी पाहिलं, हे ती सासूला कौतुकानं सांगायला जाते. शकुबाईचं लक्ष नसतं. तिचा कान जीपच्या आवाजाकडं असतो.

त्या हेलाचा विषय दोघींनी कधी काढला नव्हता. परवा निघाला. रुक्माबाईनं आमटीचा भुरका मारला आणि तोंड वाकडं केलं. "मीठ कमी हाय."

"व्हय का? मी मेले तवा तर बराबर व्हतं," शकुबाई म्हणाली. "समद्या गल्लीनं ऐकलंय."

"ते मेलेल्या शकीला म्हणलं व्हतं," रुक्माबाई म्हणाली. "जित्या शकीचं मीठ कमीच हाय."

ताट भरलेलं होतं आणि रुक्माबाईचा हात ताटावरच थबकला होता. शकुबाईनं बहिणीकडं एकदा पाहिलं, मग हात लांब करून मिठाचा डबा ओढला, चिमूटभर मीठ आमटीत टाकलं आणि पळी फिरवून वाटी पुन्हा अक्कापुढं धरली.

"आता बघ," ती म्हणाली.