मोतीची अर्धी गोळी

मालाडला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे काका गिरणी बंद पडल्यापासून घरीच असायचे. आमच्याशी ते साधी मराठी बोलत, त्यांच्या मोती कुत्र्याशी मालवणी, आणि काकूंशी जवळजवळ काहीच नाही.

ट्रकचा धक्का लागल्यापासून मोती नुसत्या हॉर्नलाही थरथरायचा. जनावरांच्या डॉक्टरांनी फटाक्यांच्या दिवसांसाठी गोळ्या दिल्या, तेव्हा काका भडकले. "माझ्या पोराला गर्दुल्ला करू काय?" म्हणत त्यांनी पुडी फळीवर फेकली. मोतीला मात्र ते समजावत राहिले, "घाबरतंस कशाक? मी आसंय ना." मोतीला मालवणी कळत असावी, पण पटत नव्हती.

गणपतीच्या मिरवणुकीत फटाक्यांची माळ लागली आणि मोतीने खिडकीच्या गजांवर तोंड आपटून नाक रक्तबंबाळ करून घेतलं. त्यानंतर काकांनी गोळ्यांची पुडी फळीवरून खाली काढून ठेवली.

दिवाळीत मी फराळाला गेलो, तेव्हा बाहेर ॲटमबॉम्ब फुटत होते आणि मोती गाढ झोपला होता. काकांनी अर्धी गोळी पेढ्यातून दिली होती. त्याच्या बरगड्यांवर हात ठेवून ते जमिनीवर बसले होते आणि प्रत्येक आवाजाला स्वतःच दचकत होते.

"श्वास चाललाय ना रे? तू बघ जरा," ते मला म्हणाले.

"सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही," काकू म्हणाल्या. "उरलेली अर्धी आता ह्यांनाच देते."

काकांना ते ऐकूच गेलं नाही. मोतीने झोपेतच एकदा शेपटी हलवली, तेव्हा भिंतीकडे तोंड फिरवून ते मला म्हणाले, "चकली खा रे, थांबलास कशाला?"