पंचशील संपेपर्यंत

सुमनआत्या वाचताना मधेच थांबत. एखादं अक्षर नीट दिसलं नाही, तर मागचा-पुढचा अर्थ लावून पुढे जाणं त्यांना मान्य नव्हतं. पुस्तक डोळ्यांजवळ नेत, दिव्याकडे वळवत, आणि शब्द सापडला की मगच आवाज पुन्हा लागे. कोणी चुळबुळ केली तर म्हणत, "अंदाजानं सुई नाई टोचली मी कधी. मंग अंदाजानं वाचू काऊन?"

आमच्या वडनेरच्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. निवृत्त झाल्यावरही गावातच राहिल्या. नात्याने माझ्या कोणी नव्हत्या, पण आमच्या गल्लीतली सगळी पोरं त्यांना आत्याच म्हणत. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. मला आठवतं तेव्हापासून ते आत्यांकडेच होतं.

पुढे साखरेने त्यांची नजर उणावत गेली. ऑपरेशन झालं, चष्मा बदलला, तरी थांबणं वाढतच गेलं. विहार समितीचे वानखडे गुरुजी भला माणूस. ते एकदा म्हणाले, "सुमनबाई, तुमाले तरास काऊन? मोबाइलवर रेकॉर्डिंग लावू, सारे आइकतीन."

दुसऱ्या दिवशी आत्यांनी मला घरी बोलावलं. मी मलकापूरला कॉम्प्युटर शिकत होते. घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे मला सगळं येतं असं गावाने धरूनच ठेवलं होतं. मला मात्र कुठल्याही मशीनला हात लावताना भीती वाटायची.

पुण्याला असलेल्या त्यांच्या मुलाने मागे टाकलेला एक छोटा लॅपटॉप त्यांनी कापडातून काढला. पाटीएवढा. "याच्यात ग्रंथ टाक," म्हणाल्या, "अन् अक्षर मोठं कर." ग्रंथ टाकणं सोपं होतं. पण ते मशीन उघडायलाच इतका वेळ घेई की तेवढ्यात विहीर गाठून पाणी भरून यावं. मुलगा फोनवर म्हणाला, नवीन घेऊन देतो. आत्या म्हणाल्या, "डोये माहे गेले बाप्पा, याचे नाई. याले काऊन फेकू?"

मग मी भीतभीत सांगितलं की लिनक्स नावाची सिस्टीम असते, तिचे जुन्या मशीनला झेपतील असे हलके प्रकार निघतात. पैसे पडत नाहीत. कोणीही घ्यावी, आतून पाहावी, हवी तशी बदलावी.

"म्हंजे साऱ्याइले खुली असलेली विहीर म्हन ना."

"हाव, तशीच."

"मंग आन. पन आधी पाहुना म्हून ठेव. घरचा करायचं मंग पाहू."

हे मात्र त्या नकळत बरोबर बोलल्या होत्या. पेन ड्राइव्हवरून सिस्टीम नुसती चालवून पाहता येते, जुनं काही न पुसता. मी तीन आणल्या. पहिली दिसायला देखणी, पण त्या मशीनला जड. आत्या म्हणाल्या, "नवरीसारखी सजून बसली, उठतच नाई." दुसरी अगदी उघडीबोडकी. काळा पडदा, त्यावर हुकूम टाइप करायचे. पण झटकन उठायची. तिसरी या दोघींच्या मधली. जरा वेळ घ्यायची, पण सुरू झाली की ग्रंथ आपोआप समोर उघडेल अशी मला लावता येत होती.

मला तिसरी बरी वाटत होती. आत्यांनी दुसरी निवडली. माणसांना ताटकळत ठेवणं त्यांना सहनच होत नसे. मी म्हटलं, हुकूम लक्षात ठेवावे लागतील. तर म्हणाल्या, "पालीतल्या गाथा पाठ हायेत मले. हे तर चार शब्द."

चार शब्द त्यांनी खरंच पाठ केले. काही दिवस, मी शेजारी असताना, सगळं सुरळीत चाललं. एका संध्याकाळी माझी बस वाटेत अडकली. मी विहारात पोचले तेव्हा सगळे ताटकळत बसले होते. पडद्यावर एक चुकलेला हुकूम होता, आणि आत्यांची बोटं बटणांवर नुसती फिरत होती. शब्द त्यांना येत होते, बटणं दिसत नव्हती. गुरुजींच्या हातात मोबाइल होता, पण त्यांनी तो लावला नव्हता.

"आज वाचन नाई," आत्या म्हणाल्या. "आज नुसतं बसू."

घरी जाताना त्यांनी माझा हात धरला होता. "ते तिसरं लाव वो पोरी. उशिरानं उठते, पन आपल्या मनानं उठते."

उशिराचं काय, हा प्रश्न होताच. मशीन आधीपासून चालू ठेवायची सोय नव्हती. बॅटरी जेमतेम वाचनापुरती टिके आणि पावसाळ्यात लाइटीचा भरवसा नाही. तोड आत्यांनीच काढली. मेणबत्ती लावण्याआधी त्या बटण दाबत, मग वंदना सुरू होई. त्यातलं पंचशील म्हणून संपेपर्यंत ग्रंथ समोर उघडलेला असे. कोणाला ताटकळावं लागलं नाही. पुढे जायला खालचं सगळ्यात लांब बटण. ते न बघता सापडे. गुरुजी पहिल्या रांगेत येऊन बसू लागले.

दर वर्षावासात मी अक्षर आणखी मोठं करत गेले. शेवटच्या वर्षी पडद्यावर चारच शब्द मावत. आत्या चार शब्द वाचत, बटण दाबत, पुढचे चार वाचत. एका संध्याकाळी त्या थांबल्या. लॅपटॉप डोळ्यांजवळ नेला, मग माझ्याकडे सरकवला.

"मले अंदाज करावा लागून राह्यला," हळूच म्हणाल्या. "आता तू."

लोकांसमोर वाचायची मला सवय नव्हती. मी चार शब्द वाचले, बटण दाबलं. आत्या डोळे मिटून ऐकत होत्या.

त्या हिवाळ्यात त्या गेल्या. मशीन विहारात आहे, वाचन माझ्याकडे आहे. वंदनेआधी मी बटण दाबते, पंचशील संपेपर्यंत ते उठतं. गुरुजी कधीकधी म्हणतात, "तुये डोये तं चांगले हायेत, अक्षर लहान कर ना आता."

मी अजून केलेलं नाही. समोर चारच शब्द असले की नजर पुढे पळत नाही, पाचवा अंदाजाने वाचला जात नाही.