शेवटच्या रांगेतला हात

भोंगाकाका गेले आणि गल्लीला पहिल्यांदाच स्वतःचं बोलणं ऐकू यायला लागलं, असं शिंपीदादा म्हणाले. म्हणाले आणि लगेच डोळे पुसले, त्यामुळे त्यांच्यावर कोणी चिडलं नाही.

तसं त्यात खोटं काही नव्हतं. लग्न असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, नाहीतर कुणाचा निरोप समारंभ, खुर्च्या आणि लाउडस्पीकर भोंगाकाकांचाच. आणि आवाज असा, की पुढच्या रांगेच्या कानठळ्या बसायच्या. लोक विनवण्या करून थकले. काका हसून मान डोलवत, बटणाला हात लावल्यासारखं करत आणि ते होतं तिथेच ठेवत. एका नवरदेवाने तर कानात कापूस घालून लग्न लावून घेतलं, पण काका ढिम्म.

एरवी माणूस भलता काटेकोर. खुर्ची बाहेर पाठवण्याआधी तिच्यावर स्वतः बसून बघणार. "पाहुणा पडला तर हसं त्याचं होतं आणि पाप मला लागतं," म्हणायचे. माइक तपासणं हा तर त्यांचा स्वतंत्र कार्यक्रमच होता. "हॅलो, हॅलो, शिंपीदादा, दुकानाचं शटर उघडं राहिलंय. हॅलो, हेडमास्तर, आज भाषण आटोपशीर." लोक मुद्दाम लवकर यायचे ते हे ऐकायला. शेवटी ठरलेला प्रश्न असायचा, "शेवटची रांग, येतंय का ऐकू?" मग शेवटच्या रांगेतून एक हात वर व्हायचा. तो काकांच्या बायकोचा. हात वर होईपर्यंत काका बटण पिळत राहायचे.

यामागचं कारण फक्त त्यांच्या लेकीला माहीत होतं. वायरची वेटोळी खांद्यावर टाकून ती वर्षानुवर्षं बाबांच्या मागे हिंडली होती. आईला कमी ऐकू येत होतं आणि आईला ते अजिबात मान्य नव्हतं. "लोकच हल्ली पुटपुटतात," असं तिचं ठाम मत होतं. बाबांनी लेकीला एकदाच बजावलं होतं, "तिला ऐकू येत नाही, असं चारचौघांत म्हणायचं नाही. आपलं मशीन अशक्त आहे, एवढंच सांगायचं. लोक मला शिव्या घालतात ना? खुशाल घालू देत."

काकांच्या आठवणींसाठी गल्ली शाळेच्या हॉलमध्ये जमली. खुर्च्या त्यांच्याच, मशीन त्यांचंच, बटणापाशी लेक. "आज तरी आमच्या कानांवर दया कर," असं हेडमास्तरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तिने आवाज अगदी बेताचा ठेवला.

हेडमास्तर रंगात आले. कापूसवाल्या नवरदेवाचा किस्सा सुरू झाला आणि हॉलभर हशा पिकला. लेकीने शेवटच्या रांगेकडे पाहिलं. आई सगळ्यांची तोंडं बघत होती, आणि सगळे हसले की मागाहून हसत होती. अख्खी गल्ली हिच्याच माणसाबद्दल बोलतेय, आणि हिलाच त्यातलं काही कळत नाहीये.

ती मागे गेली आणि आईच्या कानाशी वाकून म्हणाली, "आई, पुढे येऊन बस ना."

"छे! मी इथेच बसते. इथूनच त्यांना माझा हात दिसतो," आई म्हणाली आणि पदर सारखा करून पुन्हा समोर बघू लागली.

लेक तडक पुढे आली आणि तिने हेडमास्तरांच्या हातातून माइकच घेतला. "हॅलो, शेवटची रांग, येतंय का ऐकू?"

हात वर झाला नाही. तिने बटण पिळलं. पुन्हा विचारलं, पुन्हा पिळलं. भोंगा किंचाळला, पहिल्या रांगेने कानांवर हात ठेवले. "अगं, आवर!" शिंपीदादा ओरडले. "बापाच्या वरताण निघालीस!"

"मशीन अशक्त आहे, दादा," ती म्हणाली आणि आणखी पिळलं.

शेवटच्या रांगेत हात वर झाला.

"हेडमास्तर, पहिल्यापासून सांगा," असं म्हणून तिने माइक परत दिला. हेडमास्तरांना दोनदा सांगावं लागत नसे. भिंती हादरवत किस्सा पुन्हा सुरू झाला, आणि या वेळी सगळ्यात आधी आई हसली. इतकी हसली, की शेजारणीला तिला पाणी आणून द्यावं लागलं. मग जो तो उठून बोलू लागला. पुढच्या रांगेतले एकेक करत मागे सरकले, पण घरी कोणी गेलं नाही.

हॉल रिकामा झाल्यावर मायलेकी खुर्च्या रचू लागल्या. आईचा चेहरा नुसता फुलला होता.

"किती छान बोलले गं सगळे! शब्द न् शब्द ऐकला मी. पण आवाज केवढा तो! तुझ्या बाबांनाही जन्मभर तेच सांगत होते मी."

"काय सांगत होतीस?" लेकीने मोठ्याने विचारलं.

"अगं, मी हात वर करायचे तो कशासाठी? बास करा, लोकांचे कान फुटतील, म्हणून! आणि हा बाबा तिकडून माझ्याकडे बघून खुशाल हसायचा!"