मालकाचा रकाना

"मालक असलेली कुत्री-मांजरं एवढीच? अख्ख्या गावाची यादी एका पानावर मावली?" मुख्याधिकारी साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला. नगरपालिकेची सभा दुसऱ्या दिवशी होती.

मी तालुक्याच्या गावातला जनावरांचा सरकारी डॉक्टर. शाळेतून येताना एका लहान मुलीला कुत्रं चावलं, तिची आई अर्ज घेऊन नगरपालिकेत आली आणि नवीन नियमांची गडबड सुरू झाली. त्या बाईचं काही चुकलं नव्हतं. मसुदा असा होता: पाळीव कुत्र्या-मांजरांची नोंदणी करायची, रेबीजची लस टोचायची, गळ्यात बिल्ला बांधायचा. बिल्ला नसेल ते जनावर बेवारस. ते गाडीत घालून गावाबाहेर सोडायचं.

नोंदणीचा फॉर्म मी केला होता. पहिलाच रकाना, मालकाचे नाव. खरं सांगायचं तर म्हशींच्या फॉर्मवरून उतरवला होता. म्हशीला मालक असतो, तो लगेच सांगतोही. कुत्र्याबद्दल विचारलं की घरोघरी एकच उत्तर मिळालं, "आमचं न्हाई, हितंच असतंय."

साहेबांनी यादी नीट बघून संध्याकाळी परत यायला सांगितलं. दवाखान्यात आलो तर दारात चंद्रकलाबाई बसलेल्या. त्या मोंढ्यात, म्हणजे आमच्याकडच्या धान्यबाजारात, झाडायचं काम करतात.

"सायब, राजीला उचलून नेणार म्हणत्यात. खरं हाय का?"

राजी ही मोंढ्यातली तांबडी कुत्री.

"तिची नोंदच नाही. आमची माणसं आली तेव्हा तुम्हीच म्हणालात, माझी नाही."

"मंग काय म्हनू? माझी न्हाईच ती. मोंढ्याची हाय. मी का इकत आनलीय तिला?"

"भाकरी कोण घालतं?"

"मीच की! निघतानाच तिची अर्धी बांधून घेते. आईतवारी मोंढा बंद असतोय, तरी येते. ती वाट बघायली असती ना." एवढं बोलून त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मला स्वतःचाच राग आला. राजीची नसबंदी मीच केली होती. ऑपरेशन झाल्याची खूण म्हणून कानाचं टोक थोडं कापतात, तसं तिचंही कापलेलं आहे. असं कुत्रं आपली जागा धरून राहतं, परकं कुत्रं सहसा टिकू देत नाही. ते हलवलं की तिथं दुसरी येतात, बिनलशीची. शिवाय नसबंदी केलेलं कुत्रं जिथून धरलं तिथंच परत सोडायचं, असा वरचा नियम आहे. हे सगळं मला माहीत होतं. तरी मसुदा वाचताना मी मान डोलावली होती.

संध्याकाळी साहेबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पटतंय हो. पण सभेत विचारतील, या कुत्र्यांचं बघणार कोण? काहीतरी नाव लिहायला पाहिजे ना? मालक नाही, म्हणजे बेवारसच." मग ते जरा हसले. "बरं, तुमच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटावर मांजर झोपते, ती कुणाची?"

"ती कुणाची नाही साहेब. येते-जाते."

"दूध कोण घालतं?"

मीच. माझ्याच डब्याच्या झाकणात घालतो, रोज अकरा वाजता. आणि माझ्या स्वतःच्या यादीत तिचं नाव नव्हतं.

मी पेन काढून मालकाचा रकाना खोडला. वर लिहिलं, 'जेवायला कोण घालतं?'

"हे असं सरकारी कागदावर चालत नाही डॉक्टर."

"मग चालेल असं तुम्ही लिहा."

त्यांनी 'देखभाल करणाऱ्याचे नाव' असं लिहिलं. घरोघरी विचारायचा प्रश्न मात्र माझाच ठेवला. सभेत विषय पुढं ढकलला आणि माणसं पुन्हा फिरली. या वेळी लोक विचारलं त्याहून जास्त सांगायला लागले. सकाळी कोण घालतं, संध्याकाळी कोण, दुधाशिवाय कोण खात नाही. यादीचं बाड झालं.

पुढच्या सभेत गावाबाहेर सोडायचं कलम निघालं. त्या मुलीची आईही आली होती. "लस खरंच टोचणार ना? का नुसतं कागदावर?" तिनं विचारलं.

"एकूण एक कुत्र्याला टोचणार. पहिल्या दिवशी तुमच्याच गल्लीपासून सुरू करतो," मी म्हणालो आणि तसंच केलं.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेलो. माझी गाडी दिसताच राजी पोत्यांच्या थप्पीमागं गेली. ऑपरेशन विसरली नव्हती. चंद्रकलाबाईंनी खाली बसून वरणात कुस्करलेली भाकरी पुढं केली, तशी ती शेपूट हलवत आली. खाता खाताच सुई टोचून झाली.

मी फॉर्म पुढं केला. "इथं सही करा. आता हिचं सगळं तुम्हाला बघावं लागेल."

त्यांनी सावकाश सही केली, राजीच्या कापलेल्या कानावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आधी कोन बघत व्हतं सायब?"

तेव्हापासून कुठलाही फॉर्म छापायला देण्याआधी मी तो स्वतः भरून बघतो. मांजरीचा तर त्याच दुपारी भरला.