बसायला चला

मुलांनो, तुमच्या आजोबांची दारू सुटली, त्यात पंचवटीतल्या एका भाजीवाल्याचा हात आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

दारू सोडणाऱ्यांची सभा शोधत आम्ही दोघं बाजारात फिरत होतो. लाजेनं मी त्याला एवढंच विचारलं, "इथं संध्याकाळी माणसं कुठं बसतात?"

"गुत्ता मागच्या गल्लीत हाय!" शेजारचा विक्रेता हसला.

भाजीवाल्यानं आजोबांच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं. "प्यायला बसणारे तिकडं, माई. सोडायला बसणारे शाळेत. मीबी तिथंच बसतो."

मेथीवर ओलं पोतं टाकून त्यानं आजोबांचा हात धरला आणि भर बाजारात, न लाजता म्हणाला, "चला साहेब, बसू!"

एरवी मित्रांनी 'चला, बसू' म्हटलं की आजोबा प्यायला निघायचे आणि मी दार अडवून उभी राहायचे. त्या संध्याकाळी मीच म्हणाले, "जा, बसा."